पाणी किती फुटावर?

महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे सांगलीत उतरलं की पहिला फोन आज्जीला. 'पोचलो' म्हणायच्या आत तिकडून प्रश्न यायचा, "पुलावर जाऊन आलास? पाणी किती हाय?" चहा घेतलास का, झोप झाली का, हे सगळं त्यानंतर. यंदा तिच्याच वर्षश्राद्धाला निघालो होतो. घर अलीकडे गावभागात, तरी रिक्षावाल्याला म्हटलं, आधी आयर्विन पुलावर घ्या.

१९२९ सालचा हा पूल म्हणजे सांगलीची फूटपट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पावसाळ्यात लोक छत्र्या घेऊन कठड्याशी उभे राहतात आणि कोयनेतून किती सोडलंय यावर तावातावानं बोलतात. आज तशी गर्दी नव्हती. श्रावणातली गढूळ कृष्णा, पण बरीच खाली. मी सवयीनं मोबाइल काढला आणि परत खिशात टाकला.

पिंडदान हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर. चिंचांच्या सावलीतनं जाणारा हा रस्ता तिच्या माहेरचा. संगमेश्वराच्या घाटावर पान ठेवून आम्ही मागे सरलो तोच कावळा शिवला. काका म्हणाले, "आईला घाई असायचीच." गुरुजींसकट सगळे हसले.

येताना पेवांची जागा बघायला थांबलो. हरिपूरची हळदीची पेवं म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठारं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत रांजणासारखा ऐसपैस घेर. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत प्राणवायूच उरत नाही. त्यामुळे पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आज्जीचे वडील आधी कंदील सोडायचे. विझला तर थांबायचं. ही गोष्ट सांगताना ती हातानं दोर सोडल्यासारखं करायची आणि मधेच गप्प व्हायची. आम्ही पोरं श्वास रोखून विचारायचो, "विझला?" ती म्हणायची, "जेवा आधी."

२००५ च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात चिखल असताना ती रडली ती पेवांसाठी. मला तेव्हा ते अतीच वाटलं होतं. आता उकिरड्यासारखा तो खड्डा आणि त्यात वाढलेली एरंडाची झुडपं बघून तसं वाटलं नाही.

दुपारी गावभागात. काकू दारातच म्हणाल्या, "आलास व्हय? पाय धू, पानं वाढलीत." पण मी आधी स्वयंपाकघरात गेलो. पुरानंतर दरवेळी घर रंगवलं, पण चुलीमागच्या भिंतीचा वीतभर रुंद पट्टा आज्जीनं रंगाऱ्याला शिवू दिला नाही. त्यावर पाण्याच्या मातकट रेघा. २००५ ची कपाटाच्या कडीपाशी. २०१९ ची, पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हाची, पार दाराच्या चौकटीवर. त्या वर्षी तिला बोटीतून काढलं. गाठोड्यात दागिने असतील असं सगळ्यांनी धरलं होतं. निघाली लोणच्याची बरणी. दागिने काकूंनी आधीच पाहुण्यांकडे हलवले होते, ते तिला माहीत होतं की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

या खेपेला स्टुलावर चढून वरची रेघ जवळून पाहिली. शेजारी पेन्सिलीनं, तिच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: '२०१९. बरणी वाचली.' चौऱ्याऐंशीव्या वर्षी ही बाई स्टुलावर चढली कधी, कुणालाच ठाऊक नाही. काका तर तिच्यावर नव्यानं चिडले.

पान वाढताना काकूंनी तीच बरणी काढली. लोणचं यंदाचं, काकूंच्या हातचं. खारट झालं होतं. आज्जीचंही व्हायचं.