सोडियमचा अकरावा

महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मैदानावरची फक्कीची वर्तुळं डोळ्यांपुढे आली. आमच्या तुकडीतल्या कुणालाही विचारा, विज्ञानाच्या सरांचा तो तास आठवत असेलच.

नववीत अणुरचना चालू होती. फळ्यावरचं २, ८, १ डोक्यात शिरेना, तेव्हा सरांनी वर्ग मैदानात नेला. मधे एक खडा ठेवला, तो केंद्रक. भोवती तीन वर्तुळं, ती कवचं. आम्ही मुलं इलेक्ट्रॉन. पहिल्यात दोघं, दुसऱ्यात आठ जण. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो, म्हणून तिसऱ्यात एकटाच. हा सोडियम. शेजारी दुसरा खडा, भोवती २, ८, ७. तो क्लोरीन.

"केंद्रक एवढ्या खड्याइतका धरला तर बाहेरचं वर्तुळ शेकडो मीटरचं आखावं लागेल. तेवढी फक्की शाळेकडे नाही," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू एकटा काय करतोयस? जा पळ तिकडे." मी धावत जाऊन आठवा झालो. तिकडे टाळ्या पडल्या.

"सोडियममध्ये प्रोटॉन किती?"

"अकरा."

"आणि इलेक्ट्रॉन उरले?"

"दहा."

"म्हणजे इकडे एक धनप्रभार जास्त, तिकडे एक ऋणप्रभार जास्त. आता सोडतील का एकमेकांना?"

मिठाचा खडा कशाने धरून राहतो, ते मला त्या दिवशी पायांनी कळलं. इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलका कण, पण रसायनातली सगळी देवघेव त्याच्याच हातात. त्यातही बहुतेक वेळा शेवटच्या कवचातल्यांच्या. उशिराबद्दल मात्र सरांनी अवाक्षर काढलं नाही.

कॉलेजात गेल्यावर कळलं, ती वर्तुळं खोटी. इलेक्ट्रॉन आखलेल्या वाटेने फिरतच नाही. तो कुठे सापडेल याची फक्त शक्यता सांगता येते. सुट्टीत सरांना गाठून चक्क भांडलो. ते हसले. "जे. जे. थॉमसननी १८९७ मध्ये हा कण शोधला, १९०६ चं नोबेलही मिळवलं. आणि १९३७ चं नोबेल त्यांच्याच मुलाला मिळालं, इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे दाखवल्याबद्दल. त्यांच्या घरात मिटलं नाही, ते मी पस्तीस मिनिटांच्या तासात कसं मिटवू?"

आज मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करतो. तो चालतो या तरंगगुणावरच. वेगवान इलेक्ट्रॉनची तरंगलांबी दृश्य प्रकाशापेक्षा हजारो पटींनी कमी असते. पडद्यावर अणूंच्या रांगा पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा सहकारी फोटो काढत होते आणि मला फक्की आठवत होती.

मध्यंतरी शाळेत डोकावलो. मैदानाच्या त्या कोपऱ्यात आता फरशी आहे. वर्गातल्या पडद्यावर रंगीत अणू गरगरतो, दिसतो छान. धावायला मात्र कुणालाच लागत नाही.

संपादकांनी शाळेच्या एकूण आठवणी मागितल्या होत्या, माझ्याकडून एकाच तासाची आली. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. हा मजकूरही मुदत उलटल्यावरच पाठवतो आहे.