तुम्ही विचारलंत म्हणून: महागड्या टॉर्चची एलईडी बदलावी का?

‘टॉर्च चांगली महागाची आहे, पण एलईडी जुनी झाली. नवी टाकली तर उजेड किती वाढेल?’ हे बरेच जण विचारतात. सरळ उत्तर: फारसा नाही. एलईडीला किती अँपिअर द्यायचे ते ड्रायव्हर ठरवतो, म्हणजे सेल आणि एलईडीच्या मधली ती गोल चकती. तिच्यावर करंट ठरावीक ठेवणाऱ्या ७१३५ नावाच्या आठ चिप असतील, तर प्रत्येकी ३५० ते ३८० मिलिअँपिअर धरून जेमतेम ३ अँपिअर मिळणार. एलईडी कुठलीही बसवा, करंट तेवढाच. नव्या एलईडीमुळे मिळणारी दहा-पंधरा टक्के वाढ मीटरला कळते, डोळ्याला नाही.

रंग मात्र बदलतो, आणि खटाटोप करायचा तो त्यासाठीच. क्री एक्सएम-एल२ एलईडीसारख्या ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या उजेडात जांभ्याची वाट राखाडी दिसते, तपकिरी आणि लाल वायर ओळखताना गफलत होते. निचिया ५१९ए ची ४५०० केल्विनची, ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) असलेली एलईडी लावा. ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड, थोडे उतरतील, पण माती मातीच्या रंगाची दिसेल. हा सौदा फायद्याचा.

खरेदीआधी तीन गोष्टी बघा. पहिली, माप: एक्सएम-एल२ आणि एसएसटी-४० ही ५ मिलिमीटर चौरसाची, ५१९ए आणि एसएसटी-२० साडेतीन मिलिमीटरची. माप बदललं की खालचा स्टार (एलईडी जिच्यावर बसते ती धातूची चकती) आणि सेंटरिंग रिंग (एलईडीला रिफ्लेक्टरच्या बरोबर मध्ये धरणारी कडी) दोन्ही बदलावी लागतात. दुसरी, व्होल्टेज: ६ व्होल्टची एलईडी एका सेलवरच्या साध्या ड्रायव्हरवर पेटणारच नाही. तिसरी सगळ्यांत घातक. ड्रायव्हर एफईटी प्रकारचा, म्हणजे सेलचा करंट थेट एलईडीला सोडणारा, असेल तर करंटला लगाम नसतो. कमी व्होल्टेजवर चालणारी एलईडी अशा ड्रायव्हरवर भरलेल्या सेलमधून भसाभस करंट ओढते, निळसर पडते आणि जाते.

स्टार तांब्याचाच घ्या, आणि एलईडीचा मधला पॅड थेट तांब्याला टेकणारा, म्हणजे डीटीपी. साध्या ॲल्युमिनियमच्या स्टारवर मध्ये इन्सुलेशनचा थर असतो आणि उष्णता तिथेच अडते. एलईडी स्टारवर बसवलेलीच मिळाली तर उत्तम. स्वतः बसवायची तर १८३ अंशांना वितळणारी शिसं-कथिलाची सोल्डर पेस्ट वापरा. १३८ अंशांची बिस्मथवाली हाताळायला सोपी, पण तापलेल्या टॉर्चमध्ये तिला फार कमी मोकळीक उरते. पेस्टचा थर अगदी पातळ हवा. स्टार तापून पेस्ट वितळली की एलईडी आपोआप मध्ये सरकते. बाजूने चिमट्याने हलकेच टोचा, ती परत जागेवर आली तर जोड बसला. थर जाड झाला तर एलईडी तिरकी बसते आणि झोतही तिरका पडतो. वरच्या सिलिकॉनच्या घुमटावर चिमटा कधीच दाबू नका, आतल्या केसाएवढ्या तारा तुटतात.

आता उघडायचं. आधी सेल काढा. बेझलला, म्हणजे काच धरणाऱ्या पुढच्या कडीला, गोंद असेल तर हेअर ड्रायरने तापवून रबरी पट्टीने फिरवा. पक्कड लावाल तर ॲनोडायझिंग (बॉडीवरचा रंगाचा थर) गेलंच म्हणून समजा. रिफ्लेक्टरच्या आत बोट नको, पुसायलाही नको. वायरना डाग देताना २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न हमखास दगा देतं, कारण तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं आणि जोड कच्चा राहतो. ६० वॅटचं, रुंद टोकाचं घ्या. डाग बुटका ठेवा. रिफ्लेक्टर धातूचा असतो. डागाचा डोंगर त्याला टेकला की शॉर्ट, आणि ड्रायव्हर जळतो. डागावर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपचा) तुकडा लावून टाका. स्टारखाली थर्मल पेस्ट (उष्णता बॉडीकडे नेणारी) तांदळाच्या दाण्याएवढी पुरे.

झोताच्या मध्ये काळसर भोक दिसलं तर रिंगची जाडी चुकलीय. मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांनी फरक पडतो. पातळ रिंग लावून बघा, नाहीतर जाड.

शेवटी टेलकॅप (मागचं झाकण) काढून सेलचं ऋण टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा. त्याच्या बारीक वायरींमुळे आकडा थोडा कमीच येतो. मग टेलकॅप परत लावून टॉर्च हायवर दोन मिनिटं चालू ठेवा. डोकं हाताला चांगलं गरम लागलं तर उष्णता बाहेर येतेय. डोकं थंड आणि उजेड मात्र उतरत चाललाय, तर लगेच बंद करा आणि स्टार पुन्हा काढा: खाली थर्मल पेस्ट नीट पसरलेली नाही, किंवा जुन्या पेस्टचा खडा राहिलाय.