आबाजी म्हणाले, हे त पयते!

दिवाळीत माझ्या छोट्या शकुंतलेला, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतला रेल्वेच्या मॉडेलला, पहिल्यांदा करंट दिला आणि आबाजींना हाक मारली. एक चक्कर बघून म्हणाले, "बाबू, हे शकुंतला नोय, हे त पयते!" म्हणजे ही तर पळते.

मला लागलं ते, कारण सहा महिने मी फक्त दिसण्यावर घालवले होते. मॉडेल १:८७ चं आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट छोटं, याला एचओ स्केल म्हणतात, पण शकुंतलेचा नॅरोगेज रूळ ७६२ मिमीचा, त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिमी येतात, म्हणून एन या आणखी छोट्या स्केलचा ९ मिमीचा तयार ट्रॅक आणि त्याच स्केलच्या इंजिनाची चेसिस वापरली. इथवर मस्त जमलं होतं.

मग मोबाईलवर स्टॉपवॉच लावून एक मीटर मोजला, ३ सेकंद. तो वेग ८७ ने गुणा, ताशी १०४ किलोमीटर होतात! मूर्तिजापूर-यवतमाळ लाईनवर गाडी चालायची ताशी वीसच्या आसपास, आबाजी सांगतात की चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायचं. तो वेग हवा तर एक मीटरला साधारण १६ सेकंद लागले पाहिजेत, आणि एवढ्या हळू चालवलं की इंजिन झटके देतं, रुळावर जरा धूळ असली की थांबतंच. रूळ रोज पुसतो आता, आमच्याकडे कापसाच्या दिवसांत घरभर तंतू उडतात न.

वजनाचं तर अजून वेगळं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पट कमी होतात म्हणून वजन साडेसहा लाख पटींनी उतरतं. ब्रॉडगेजचा ४० टनाचा डबा हिशोबाने फक्त ६१ ग्रॅमचा, पण अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना एनएमआरए तेवढ्या लांबीच्या डब्याला १६५ ग्रॅमच्या आसपास वजन सुचवते, नाहीतर वळणावर रूळ सोडतो. मी डब्यांच्या तळाला मासे धरायच्या जाळ्याचं शिसं चिकटवलं, तेव्हा कुठे सांध्यांवरून टकटक न उडता चालायला लागले.

आता १६ सेकंद जमलेत, डोलणं मात्र जमत नाही. गुरुत्वाकर्षण काही ८७ पट कमी होत नाही, त्यामुळे छोटा डबा डोलत नाही, थरथरतो. काल आबाजींनी पंजा आडवा धरून दाखवलं, इकडे कलायची, जरा थांबायची, मग तिकडे. चाकांवर बारीक स्प्रिंग बसवून बघतो.