प्रोजेक्टर आठवड्यात आला, मीटरला पाच महिने लागले

आमची शाळा माणदेशातल्या एका वाडीवर. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट तेवीस. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि शाळा डिजिटल करायची लाटच आली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव तेव्हा आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात निघायचं. आमच्या वाडीनं मनावर घेतलं ते 2018 च्या सप्टेंबरात. यात्रा कमिटीनं उरलेले पैसे दिले, मुंबईत माथाडी असलेल्या पोरांनी भर घातली. आठवड्यात प्रोजेक्टर आला, भिंतीचा एक चौकोन पांढरा झाला. एमएस-सीआयटी दोघांचीही झालेली होती, त्यामुळे लॅपटॉपची भीती नव्हती.

अडलं विजेपाशी.

शाळेची लाईट आधीच तोडलेली. थकबाकी भरली की जोडतील, असं समजून मी तालुक्याला वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. क्लार्कनं बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकला आणि म्हणाला, “गुरुजी, हे मीटर पीडी झालंय.” पीडी म्हणजे कायमचं बंद. तात्पुरतं तोडलेलं असेल तर पैसे भरून जोडून मिळतं. पीडी झालं की नवा अर्ज, नवं कोटेशन, वर जुनी बाकी भरायचीच. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. ‘पीडी’ हा मीटरचा कसला तरी नंबर असावा असं वाटून मी मान हलवून परत आलो.

बाकी निघाली 11,640 रुपये. शाळेत दोन पंखे आणि तीन बल्ब! बिलं नीट पाहिली, तर आकारणी व्यापारी दरानं. सरकारी शाळेला सार्वजनिक सेवेचा वेगळा दर असतो. तो कागद छापून नेला. क्लार्कनं शांतपणे वाचला. “बरोबर आहे तुमचं. पण सिस्टीम घेत नाही. बंद मीटरचा दर बदलता येत नाही.” म्हणजे आमच्या पोरांचा कॉम्प्युटर त्यांच्या कॉम्प्युटरनं अडवला होता. साहेबांना भेटा म्हणाले. साहेब मीटिंगला.

पुढची खेप शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासाठी. ठरावाच्या पत्रावर जावक क्रमांक नव्हता, परत आलो. त्यानंतरच्या खेपेला नाव जुळेना. यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, ‘जि. प. प्राथमिक शाळा’, जुन्या बिलावर ‘मुख्याध्यापक, जीवन शिक्षण विद्यामंदिर’. शाळा तीच, इमारत तीच, गळणारं कौलही तेच. पण दोन्ही एकच आहेत हे सिद्ध कोण करणार? शेवटी केंद्रप्रमुखांनी दाखला दिला. तुम्ही जाणार असाल तर हा दाखला आधीच घेऊन ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उताराही सोबत ठेवा. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. माझा पहिला अर्ज “आलाच नाही” असं निघालं होतं.

एसटी दिवसाला दोन. मी तालुक्याला गेलो की चारही वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात. खेपा किती झाल्या ते बाईंनी हजेरीच्या मागच्या पानावर रेघा ओढून ठेवलंय. अकरा.

मधल्या काळात शेजारच्या आक्कांच्या घरातून वायर ओढली. नियमात बसत नाही, माहीत आहे. आक्का सांगायच्या, “गुरुजी, गिरणी लागायच्या आत उरका.” गिरणी सुरू झाली की प्रोजेक्टर मान टाकायचा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर स्कॅन करायचा म्हटलं तर रेंज फक्त मारुतीच्या पारावर. रात्री तिथं बसून व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि सकाळी दाखवायचे. चंद्राच्या कला दाखवत होतो आणि अष्टमीलाच भिंत काळी झाली. मागून एक पोर ओरडलं, “गुरुजी, अवस आली!”

दराचं भांडण मी हरलो. ग्रामपंचायतीनं बाकी जशीच्या तशी भरली. भांडत बसलो असतो तर चौथीची पोरं शाळा सोडून गेली असती, तरी तो आकडा अजून सलतो. नव्या अर्जावर मात्र वापराचा प्रकार मी स्वतः लिहिला आणि कोटेशन हातात आल्यावर पैसे भरायच्या आधी तो पुन्हा वाचला. लायसन असलेल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्टही लागतो. गावातला वायरमन फिटिंग करून देतो, पण त्याची सही चालत नाही.

फेब्रुवारीत मीटर बसलं. पोरं प्रोजेक्टर सोडून त्याच्याखाली उभी, लुकलुकणारा लाल दिवा मोजत. बाईंनी त्यावरच पाढे म्हणून घेतले.

एक राहिलंच. मे महिन्यात शाळा बंद असताना बिल दाराच्या फटीतून आत पडतं आणि जूनपर्यंत कुणी बघत नाही. आमचं पहिलं मीटर तसंच गेलं होतं. आता सुट्टीत बिल आक्कांकडे द्यायला सांगून ठेवलंय.