मी माणूस आहे, मी बाप आहे

आज मुलाला घेऊन अमेरिकेतल्या मेम्फिसच्या 'आय ॲम अ मॅन' प्लाझावर, म्हणजे तिथल्या सफाई कामगारांच्या संपाच्या स्मारकावर, गेलो आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये. १ फेब्रुवारी १९६८, पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या ट्रकमध्ये मागे बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर मशीन अचानक सुरू होऊन चिरडले गेले, आणि १२ तारखेपासून तेराशे सफाई कामगार संपावर, जवळजवळ सगळे ब्लॅक. पगार असा की पूर्णवेळ राबूनही कितीतरी घरं सरकारी मदतीवर, वर पन्नाशीच्या बापाला पोरांदेखत गोरे लोक 'बॉय' म्हणणार. म्हणून संपकऱ्यांच्या गळ्यात ती पाटी, 'आय ॲम अ मॅन'.

मुलाने विचारलं, बाबा याचं मराठीत काय? म्हटलं, 'मी माणूस आहे'. पण ते अर्धंच झालं ना, कारण त्यात मी पुरुष आहे, कर्ता आहे, माझ्या लेकरांचं पोट मी भरतो हेही आहे. मर्दानगी म्हणजे आवाज चढवणं हेच बघत मोठे झालो आपण, आणि ही माणसं संगिनी रोखलेल्या सैनिकांसमोरून गुपचूप रांगेत चालत गेली, पगार बंद असताना. घरी दोन महिने चूल पेटती ठेवणाऱ्या बायकांबद्दल मात्र फार कमी बोललं जातं, ते मला खटकतं.

त्यांच्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला मेम्फिसमध्येच मारले गेले, १६ ला संप मिटला.

निघताना एक आजोबा संपकऱ्यांच्या नावांच्या भिंतीवर एक नाव शोधत होते. सापडलं तसं बोट फिरवत नातवाला म्हणाले, माय डॅडी. नातवाने हात ठेवला, मग माझ्या मुलानेही.