तुंबा

१८ जून, बेळगाव

बळ्ळारी नाला पुन्हा तुंबला. गाळ न् जलपर्णी गेल्या वर्षीची तशीच, त्यात चार दिवसांचा पाऊस. वडगाव-येळ्ळूरच्या बाजूचं शिवार सगळं पाण्याखाली. पावसाआधी कोरड्या मातीत, धूळवाफेवर पेरलेलं आमचं दीड एकर भातही त्यातच. पाणी हललं नाही तर कुजणार, मग दुबार पेरणी.

भाचा म्हणाला, "मामा, नाला ब्लॉक झालाय." मला तो शब्द पुरेना. कशानं झाला, कुणी केला, काहीच सांगत नाही तो. आमच्या घरात यासाठी किती शब्द होते! कणगीत भात भरलं की आई तिचं तोंड शेणामातीनं लिंपायची. आतलं जपायचं, तर लिंपणं. बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं की आण्णा लांबून ओरडायचे, "बुजीव की रे ते, पाणी चाललंय सगळं!" मग चिखलाचा गोळा टाचेनं दाबायचा, तरी झिरपलंच तर गवत कोंबायचं. ते बुजवणं. मोरीला बोळा. तुंबणं मात्र कुणी करत नाही, ते आपसूक होतं, असं मी समजत होतो. नाल्याकाठी टाकलेली भर बघितल्यापासून तसं म्हणवत नाही.

शेजारच्या कन्नड आज्जी आठवल्या. मी आठेक वर्षांचा असेन. एका पावसाळ्यात त्या दारातूनच आनंदानं म्हणाल्या, "राकसकोप तुंबैती!" मी घाबरून आण्णांकडे पळालो, शहराला पाणी देणारं राकसकोप धरण तुंबलंय म्हणून. आण्णा हसले. "तुंबलं नव्हे रे, भरलं. वर्षाच्या पाण्याची काळजी मिटली." कन्नडमध्ये तुंबु म्हणजे भरणं, आणि तुंबा म्हणजे पुष्कळ. बाजारात 'तुंबा चलो ऐती', म्हणजे फार छान आहे, हे रोज कानावर पडतं. आमच्याकडे त्याच बोलानं पाणी अडतं, त्यांच्याकडे धरण भरतं. दोन्ही शब्द एकाच मुळातले असावेत असं मला फार वाटतं. त्या आज्जी असत्या तर आज आमचं शेत बघून त्या काय म्हणाल्या असत्या, हे दिवसभर मनात घोळतंय.

संध्याकाळी भाच्याला घेऊन बांधावर गेलो. बांबूची काठी रोवून पाण्याची खूण केली. अंधार पडेपर्यंत थांबलो. पाणी दुसऱ्या पेरावरच होतं. परतताना भाचा हळूच म्हणाला, "मामा, अजून तुंबलेलंच आहे."