तुम्ही विचारलंत म्हणून: शीटमध्ये नसलेली नोंद

"एकटी गेलात? सहा दिवस, ८५ हजारांत? मग ती खर्चाची शीट पाठवा ना." गेल्या मे महिन्यात बुडापेस्टहून सांगलीला परतले, तेव्हापासून हे वाक्य किती जणांकडून ऐकलं याची गणती नाही. नात्यातले विचारतात, शेजारचे विचारतात, मार्केट यार्डातले तर गाठून विचारतात. मी अडत दुकानात हिशेब लिहिते, त्यामुळे माझी शीट नेटकी असणार हे सगळ्यांनी धरलेलंच आहे. ती नेटकी आहेच. तरीही आजवर मी ती कुणाला पाठवली नाही. लोकांना वाटतं, ही माहिती दाबून ठेवते. तसं नाही. आज एकदा सगळं सांगून टाकते.

आधी शीटमधलं, कारण ते सोपं आहे. आखातात बदलून जाणारं विमान चार महिने आधी घेतलं की निम्मा खर्च तिथेच आटोक्यात येतो. आठ जणींच्या खोलीतला वरचा पलंग मला रात्रीला सतराशे रुपयांना पडला. विमानतळावरून शहरात थेट जाणाऱ्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं. २००ई बस मेट्रोच्या टोकापर्यंत सोडते आणि तिला साधा पास चालतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप घरी ठेवलं. भडंग, भाजणी आणि मेतकूट नेलं. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात रोज रात्री थालीपीठ लावलं. व्हिसासाठी प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

व्हिसाची फी ९० युरो. शीटमध्ये तेवढीच लिहिली आहे, आणि तिथेच ती शीट खोटी आहे. मी व्हिसाचे पैसे दोनदा भरले. पहिला अर्ज एप्रिल २०२४ मधला, युरोपातल्याच दुसऱ्या एका देशाचा. तेव्हा फी ८० युरो होती, जूनमध्ये ती वाढली. तो अर्ज नाकारला गेला, आणि नाकारला तरी फी परत मिळत नाही. ती नोंद मी शीटमध्ये घेतलीच नाही.

झालं असं. माझा पगार तेव्हा रोख मिळायचा. यार्डात हे नवीन नाही. घरखर्च भागवून उरलेले पैसे मी बँकेत भरायचे, त्यामुळे खातं अगदीच रोडकं दिसायचं. त्या अर्जाला तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट लागत होतं. ओळखीतल्या एकाने सल्ला दिला, "बॅलन्स दाखवायला कुणाकडून तरी दोन लाख फिरवून घ्या, सगळे तेच करतात." मी भावाला विचारलं. तासगाव तालुक्यात त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. त्याच्या बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, नुकतीच झाली होती. एप्रिल म्हणजे खरड छाटणीचे दिवस, मजुरी आणि खतं सगळं एकदम अंगावर येतं. तरी त्याने दुसऱ्या दिवशी पैसे टाकले. वर म्हणाला, "आक्का, महिनाभर ऱ्हाऊ दे, मी भागवतो." कसं भागवतो हे मी विचारलं नाही. त्याने खत उधारीवर उचललं, हे मला नंतर वहिनीकडून कळलं.

पाकीट दुकानातच आलं, ऐन सौद्याच्या दिवशी. समोर बेदाण्याचे बॉक्स उघडलेले, शेतकरी बसलेले, हमालांची ये-जा चाललेली. मालक म्हणाले, "फोडा की, बघू तरी कसा असतो व्हिसा." मी पासपोर्टची पानं उलटली. सगळी कोरी. मध्ये घडी घातलेला एक छापील कागद, त्यावर कारणांची यादी आणि दोन चौकटींत खुणा. एक राहण्याच्या खर्चाच्या पुराव्याबद्दल. दुसरी अशी की, मुदत संपण्याआधी मी परत जाईन याबद्दल वाजवी शंका आहे.

मी परत जाईन का, याची शंका. अठरा वर्षं एकाच दुकानात, एकाच टेबलापाशी बसलेली बाई मी. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती जाईपर्यंत एक रात्र बाहेर काढली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी आलं तेव्हासुद्धा लांब कुठे गेले नाही, शेजारच्या मिरजेला मावशीकडे थांबले. मालकांनी कागद मागितला, मी दिला नाही. "तारीख बदललीय" एवढंच मी म्हणाले आणि पट्टी लिहायला बसले. त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या पट्टीत तोलाई, म्हणजे वजनाची मजुरी, दोनदा लागली. अठरा वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

संध्याकाळी भावाचा फोन. "आलं का गं?" मी म्हटलं, अजून नाही. दोन दिवस मी हेच सांगत राहिले आणि त्याचे पैसे माझ्या खात्यात पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पैसं व्हतं न्हवं खात्यात? मग?" आणि थोड्या वेळाने, "माझं पैसं त्यांना खरं वाटलं न्हाईत व्हय?"

त्यावर मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगत होते की आपल्यासारख्यांना असंच वागवतात. अजूनही त्यात काही चूक वाटत नाही. पण मी हिशेबनीस आहे. कुणी तीन महिन्यांची वही माझ्यापुढे ठेवली आणि शेवटच्या आठवड्यात एकरकमी दोन लाख जमा दिसले, तर माझं बोट आधी तिथेच जाईल. मी विचारेन, हे कुठून आले? माझ्या अर्जात त्याचं उत्तर नव्हतं. म्हणजे पैशाबद्दलची शंका रास्त होती. परत येण्याबद्दलची नव्हती. पण त्या टेबलामागच्या माणसाने एकीवरून दुसरी काढली असेल, तर मी त्याला कशाच्या जोरावर चूक ठरवू? यावर मी रात्री जागून काढल्यात. अजून ठरलेलं नाही.

मालकांना सांगून पगार खात्यावर घ्यायला लागले. आयकराचं रिटर्न भरलं. दहा महिने थांबले आणि मग बुडापेस्ट निवडलं. तुम्ही विचारता, एकाच शहरात सहा दिवस काय केलंत? चालले. दोन नंबरच्या ट्रामने डॅन्यूब नदीच्या काठाने कितीदा गेले. १८९६ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या छोट्या पिवळ्या डब्यांत बसले. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन गावं १८७३ मध्ये एक झाली हे वाचून मला एकाच महापालिकेतली आपली सांगली, मिरज, कुपवाड आठवली. साखळी पूल १८४९ चा. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले सगळे पूल उडवले, हा पूल शंभराव्या वर्षी पुन्हा उभा राहिला. त्याच्यावर उभी असताना आधी पाणी कुठवर चढत असेल ते बघितलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पुराच्या धोक्याची ४५ फुटांची खूण बघत वाढलेल्या माणसाची नजर आपोआप तिकडेच जाते.

दिवाळीला भावाने फोटो बघितले. विचारलं, "तिथं पूर येतो का?" म्हटलं, येतो, २०१३ मध्ये मोठा आला होता. मग म्हणाला, "ह्या वेळी कसं काय दिलं त्यांनी?" मी सांगितलं, पगार खात्यावर यायला लागला म्हणून.

ते खरं आहे. पण दुसऱ्या अर्जासोबतच्या पत्रात मी आणखी एक परिच्छेद लिहिला होता. मागच्या अर्जातले दोन लाख माझे नव्हते, ते भावाचे होते, दाखवण्यापुरते ठेवले आणि परत केले. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.